9 दिवस झाले, फरक नाही, आईची गोळी बंद करू का?

प्रश्न: आई 61 वर्षांची. बाबा गेल्यापासून खाणं, झोप सगळंच बिघडलंय. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम दिलीय, 9 दिवस झाले, फरक काही नाही, उलट मळमळतंय. मामी म्हणते झोपेची गोळी आहे, सवय लागेल, बंद कर. बीपीची गोळी पण चालू आहे. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आत्ता बंद नका करू. ही झोपेची गोळी नाहीये, उदासीवरची आहे. मेंदूतल्या दोन पेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि पेशी ते लगेच परत ओढून घेते, ही गोळी ते ओढून घेणं अडवते, म्हणून ते तिथे जास्त वेळ टिकतं. हे काही तासांतच सुरू होतं, पण मेंदूला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे मनाला बरं वाटायला 2 ते 4 आठवडे, कधी 6-8 पण लागतात. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून! म्हणूनच लोक नेमके दुसऱ्या आठवड्यात गोळी सोडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. जेवणानंतर द्या, मळमळ बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते.

सवयीचं म्हणाल तर एकदा स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोनाझेपाम (झोप आणणारं, सवय लागू शकणारं औषध) लिहिलेलं असेल तर मामींची भीती त्या औषधापुरती खरी आहे, आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीत मिळतात, ती किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांना आजच विचारा. नुसत्या एस्सिटालोप्रामचं व्यसन लागत नाही, पण अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, म्हणून डोस हळूहळू उतरवतात, तोही बरं वाटल्यावर निदान 6 महिने घेऊन मगच.

बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, या वयात दोन्ही मिळून रक्तातलं सोडियम (एक क्षार) उतरू शकतं. आई गोंधळल्यासारखी बोलायला लागली, चालताना तोल जायला लागला तर वाट बघू नका, रक्त तपासून घ्या. गुडघे दुखले तरी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा ट्रामाडॉल ही दुखण्यावरची औषधं आणू नका, पहिल्याने पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, दुसऱ्याने सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. आणि आई कधी "आता जगून काय करू" असं म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा, ते नाही भेटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्री-अपरात्री पण चालू असतो, मराठीत बोलता येतं.