सेंद्रिय कार्बन भरपूर, मग तेल का नाही?

प्रश्न : मी भूविज्ञानात एम.एस्सी. करते आहे. सरोवरात साचलेल्या शेलच्या (चिखलापासून बनलेल्या थरांच्या खडकाच्या) एका कोअर-नमुन्यात, म्हणजे विंधन करून काढलेल्या खडकाच्या दांड्यात, सेंद्रिय कार्बन ६ टक्के आला. रॉक-इव्हॅलवर, म्हणजे खडकाची भुकटी तापवून तपासणाऱ्या यंत्रावर, एस-१ (खडकात आधीच असलेलं मोकळं तेल) आला १.२, एस-२ (तापवल्यावर सेंद्रिय पदार्थ फुटून सुटणारं तेल) ४२, दोन्ही दर ग्रॅम खडकामागे मिलिग्रॅममध्ये, आणि टी-मॅक्स (एस-२ सर्वाधिक सुटतो ते तापमान) ४३६ अंश सेल्सिअस. या शेलमधूनच तेल काढता येईल, असं अहवालात लिहू का?

उत्तर : इतक्यात नको. खडक अव्वल दर्जाचा आहे, पण अजून शिजलेला नाही, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेने त्यातल्या सेंद्रिय पदार्थाचं पुरेसं तेल झालेलं नाही.

एस-२ ला कार्बनने भागून शंभराने गुणा. हायड्रोजन इंडेक्स (कार्बनच्या मानाने तेल देण्याची क्षमता) ७०० येतो. म्हणजे शैवालापासून बनलेलं, पहिल्या प्रकारचं केरोजेन (तापल्यावर तेल देणारा घन सेंद्रिय पदार्थ). असे आकडे पाहिले की मला आजही आनंद होतो! पण अमेरिकेतला ग्रीन रिव्हर शेल याच जातीचा, आणि जिथे तो उथळ व अपक्व आहे तिथे खडक भट्टीत सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय तेल सुटत नाही. या केरोजेनमधले बंध जवळपास सारख्याच ताकदीचे असतात. ते उशिरा तुटू लागतात आणि मग भराभर तुटतात. खडक पक्व ठरवायला टी-मॅक्सचा ४३५ अंशांचा जो नेहमीचा उंबरठा वापरतात, तो इथे लावू नका. माझ्या मते ४४० ओलांडेपर्यंत थांबावं.

आता एस-१. तोही कार्बनशी ताडून पाहा : १.२ भागिले ६, गुणिले शंभर, म्हणजे २०. तेल खडकातून वाहू शकेल असं म्हणायला हा आकडा साधारण १०० च्या वर लागतो.

मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. सरोवरी शैवालाचं तेल मेणचट असतं. राजस्थानातल्या मंगला क्षेत्राचं तेल वाटेत गोठू नये म्हणून तापवलेल्या पाइपलाइनमधून न्यावं लागतं. अशा तेलाचा जड भाग एस-१ मध्ये निघतच नाही, तो एस-२ मध्ये मोजला जातो आणि टी-मॅक्सही खाली ओढतो. म्हणून त्याच भुकटीतली थोडी डायक्लोरोमिथेनने (तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने) धुऊन, वाळवून पुन्हा यंत्रात घाला. एस-२ जितका घटेल, तितकं तेल तिथे दडलं होतं. कोअर बरीच वर्षं पेटीत पडून असेल तर हलका भाग उडून गेलेला असतो, तेही नोंदवा.

आणि एका नमुन्यावर विसंबू नका. सरोवराची पातळी हवामानाप्रमाणे चढते-उतरते, त्यामुळे काही सेंटिमीटरवर काळा, समृद्ध थर संपून राखाडी, निकृष्ट थर लागतो. शिवाय एक्स-रे डिफ्रॅक्शनने मृत्तिका-खनिजांचं प्रमाण काढा. ती जास्त असली की खडक दाबाखाली तडकण्याऐवजी दबतो आणि पाडलेल्या भेगा पुन्हा मिटतात. चीनच्या सोंगल्याओ खोऱ्यातल्या शेलमध्ये हीच अडचण आहे.

अहवालात तूर्त ‘उत्कृष्ट जनक खडक, बहुधा अपक्व’ एवढंच लिहा. खोल गेलेला खडक जास्त तापलेला असतो, म्हणून हाच थर खोऱ्याच्या मध्याकडे किती खोल जातो ते भूकंपीय छेदांवर (लहरी जमिनीत सोडून काढलेल्या भूगर्भाच्या चित्रांवर) शोधा, आणि तिथल्या एखाद्या विहिरीचा कोअर मिळत असेल तर मार्गदर्शकांकडे आत्ताच मागणी करा.