रडणाऱ्याला गप्प करू नका

या वेळी तीन पत्रं घेते. तिन्ही घरं दुःखातली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातला प्रश्न आपल्या चर्चच्या मंडळ्यांमधल्या निम्म्या बायकांच्या मनात असतो आणि त्यातली एखादीच तो कागदावर उतरवते.

पत्र पहिलं

*मावशी, प्रभूच्या नावात सलाम. यजमानांना जाऊन आठ महिने झाले. एसटीत होते. ड्युटीवरून आले, चहा मागितला, मी कप घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मंडळीतल्या बायका येतात, मायेनंच येतात, पण सगळ्यांचं एकच पालुपद: रडू नका, ते प्रभूजवळ आहेत, तुम्ही तर विश्वासी. आता भगिनी मंडळात मी साक्ष द्यावी म्हणतात, प्रभूनं मला कसं बळ दिलं याची. मावशी, मला बळबिळ काही मिळालेलं नाही. पूर्वी मी गायनात पुढे असायचे, आता गीत सुरू झालं की घसा आवळतो. रात्री देवाशी भांडते. अगदी समोर दवाखाना होता, दहा मिनिटंही का दिली नाहीस म्हणून विचारते. माझा विश्वास कमी पडतोय का?*
*— एक भगिनी, जालना*

ताई, आधी साक्षीचं बघू. देऊ नका. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. जे मिळालं नाही ते मिळालं म्हणून माइकसमोर सांगणं ही खोटी साक्ष, आणि दहा आज्ञांमध्ये तिच्याबद्दल काय म्हटलंय ते भगिनी मंडळालाही पाठ आहे.

आता भांडणाचं. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. तो तुम्ही अंत्यविधीच्या उपासनेत खूपदा ऐकला असेल, पण तिथे बहुधा पंचविसाव्या ओवीपासून वाचतात, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ इथून. तुम्ही जरा मागून वाचा. लाजार आजारी असल्याचा निरोप त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मरीयेनं, येशूला वेळेवर धाडला होता. येशू लगेच निघाला नाही, होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. पोहोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि पहिलंच वाक्य काय बोलते? प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरीया येते, तीही तेच म्हणते. म्हणजे ते चार दिवस घरात दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत असणार. दवाखाना समोर होता, हे तुमचं वाक्य आणि त्यांचं वाक्य एकच आहे.

येशूनं दोघींपैकी एकीलाही गप्प केलं नाही. ‘मार्थे, तू विश्वासी ना?’ असं सुनावलं नाही. उलट, ज्या वचनावर आपण आपली सगळी माणसं मातीत ठेवतो, ते वचन त्यानं या तक्रार करणाऱ्या बाईला दिलं. गप्प बसणारीला नाही. आणि नंतर कबरेकडे जाताना तो स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजार उठून बाहेर येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. पुढचं ठाऊक असलेला जर रडतो, तर तुम्ही-आम्ही कोण लागून गेलो?

‘आशा नसलेल्या इतरांसारखा खेद करू नका’ हे प्रेषित पौलाचं वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवलं असेलच. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ते आहे. ती मंडळी नवी होती. ख्रिस्त परत येण्याआधीच त्यांची काही माणसं वारली, आणि राहिलेल्यांना धास्ती पडली की गेलेली मागेच राहून जातील. पौल सांगतो, राहणार नाहीत, उलट तेच आधी उठतील. खेदच करू नका, असं तो कुठेही म्हणत नाही. ‘इतरांसारखा’ हा शब्द गाळून लोकांनी त्या वाक्याचा हुकूम केला.

माझी उभी नोकरी इस्पितळाच्या वॉर्डात गेली. तिथे पाहिलेलं सांगते. आपल्याच मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ पहाटे गेले. बाहेर व्हरांड्यात नातेवाइकांनी गीत धरलं होतं. त्यांची बायको आत माझ्याकडे कोमट पाणी मागायला आली. भांडं घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्यांचे पाय धुवायला लागली. टाचांच्या भेगांमधून बोट फिरवून, सावकाश, बोटांच्या बेचक्याही सोडल्या नाहीत. जाऊबाई म्हणाली, “अहो, आता त्या देहात काय उरलंय? जुना कपडा टाकला त्यांनी.” बाई मान वर न करता म्हणाली, “पाय त्यांचेच आहेत ना?”

त्या बाईचं शास्त्र जाऊबाईपेक्षा पक्कं होतं, असं मला वाटतं. देह म्हणजे जुना कपडा, आत्मा तो टाकून जातो, ही गीतेतली समजूत आपल्या हवेतच आहे, आणि आपलेही लोक अंत्यविधीला तीच सांगतात. पण ख्रिस्ती आशा ती नव्हे. करिंथकरांना लिहिताना पौल मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. आपण वाट पाहतो ती देहाच्या पुनरुत्थानाची. उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे वण होते, त्यानं तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली. तुमच्या यजमानांचे स्टिअरिंग धरून घट्टे पडलेले हात असतील, हसण्याची एक तऱ्हा असेल. ते टाकाऊ नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी रडणं रास्त आहे, आणि म्हणूनच ते परत मिळण्याची आशा ही मोठी गोष्ट आहे. जे गमावलं ते किरकोळ मानायचं आणि मग आशा धरायची, यात आशेला करण्यासारखं काही उरतच नाही.

गाता येत नसेल तर गाऊ नका. पण रविवारी घरी बसू नका, एवढं माझं ऐका. मागच्या बाकावर बसा, गीताला उठला नाहीत तरी चालेल, आशीर्वादाच्या आधी निघालात तरी चालेल. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. चौघांनी त्याला उचलून आणलं, छप्पर उसकटून खाली सोडलं. येशूनं ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं तिथे लिहिलंय. खाटेवरचा माणूस तोंडातून एक शब्दही बोललेला नाही. काही महिने तुमच्या वाटचं इतरांना गाऊ दे.

आणि रात्री भांडायचं असेल तर स्तोत्र घेऊन भांडा. तेरावं लहान आहे, ‘किती वेळ’ हेच पुन्हा पुन्हा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं त्याहून काळं, ते संपतंसुद्धा अंधारातच. बाकीच्या तक्रारीच्या स्तोत्रांना बहुतेक शेवटी उजाडतं, याला नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलं आहे आणि कोणी त्याला गोड शेवट चिकटवलेला नाही.

आता थोडं जालन्याच्या भगिनी मंडळाशी बोलते. बायांनो, तुमची माया खरी आहे, शंकाच नाही. पण पहिल्या मंडळीतली सुरुवातीची एक नेमणूक कशासाठी झाली, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पाहा. विधवांना रोजच्या वाटपात कमी पडत होतं म्हणून सात माणसं निवडली. आठ महिने झाले. या ताईंचे पीएफचे कागद झाले का? मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती काढल्या का? बँकेत वारसाचं नाव लागलं का? गॅस सिलिंडर कोणाच्या नावावर आहे? यातलं एखादं काम घ्या, त्यांच्याबरोबर रांगेत उभ्या राहा. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री नुसते जमिनीवर त्याच्याजवळ बसून राहिले, तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

पत्र दुसरं

*मावशी, माझे वडील गेल्या श्रावणात वारले. मी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, घरात मी एकटाच ख्रिस्ती. वडील माळकरी, वारी कधी चुकवली नाही. मी खांदा दिला, पण अग्नी धाकट्या भावानं दिला आणि पिंडाला मी बसलो नाही. काका चारचौघांत म्हणाले, थोरला असून बापाला पाणी पाजलं नाहीस. इकडे मंडळीतला एक जण म्हणाला, ते तारणाबाहेर, मोक्षाला मुकून गेले, आता रडून काय उपयोग. मला दोन्हीकडे बसायला जागा नाही. आता वर्षश्राद्धाला आईनं बोलावलंय. जाऊ का?*
*— एक वाचक, पुणे जिल्हा*

दादा, जा. आदल्या दिवशीच जा. पंगतीला माणसं किती, शिधा काय लागेल हे भावाला विचारा आणि त्या खर्चात वाटा उचला. पिंडाला बसणार नाही हे त्याला आधीच शांतपणे सांगून ठेवा, ऐन वेळी भटजींसमोर नको. आईच्या शेजारी बसून जेवा. चर्चच्या काही पाळकांना हे पटणार नाही, त्यांनी मला जरूर लिहावं.

मंडळीतल्या त्या माणसाला सांगा की न्यायासनावर त्याची नेमणूक झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. पापामुळे नाश होऊ घातलेल्या सदोम नगरासाठी रदबदली करताना अब्राहामानं देवालाच विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मी त्या प्रश्नापाशी थांबते. तुमचे वडील कुठे आहेत हे मीही सांगणार नाही. मला ते कळण्याचा मार्ग नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही ठोकूनही देणार नाही. एवढं मात्र खरं, की येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराला शेवटच्या घटकेला सुखलोकाचं वचन मिळालं, ते येशू बोलला म्हणून आपल्याला कळलं. खाली उभ्या असलेल्या कोणाला ते दिसलं नसतं.

या वाटेवर तुमच्याआधी पंडिता रमाबाई चालून गेल्या आहेत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, कडक कर्मठ, तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारे. दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीनं ते गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसं पुरेनात. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या. तिरडीला लागल्या, पण उंची कमी, खांद्यावर बाकीच्यांशी मेळ बसेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या साक्षीत त्यांनी वडिलांचा निरोप सांगितला आहे. वडिलांची दृष्टी गेली होती, लेकीचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिला कवटाळून डोक्यावरून, गालांवरून हात फिरवत ते बोलले. मानानं जग आणि जन्मभर देवाची सेवा कर, एवढीच त्यांची आज्ञा. ख्रिस्ती झालेली मुलगी त्या वडिलांबद्दल काय म्हणते? ते एकाच खऱ्या देवाला ओळखत नव्हते, पण त्यांना अज्ञात असलेल्या देवाची त्यांनी जिवेभावे सेवा केली. पुढचा निवाडा त्या करत नाहीत, आणि आपल्या देवसेवेचं मूळ त्या आज्ञेत आहे हे लपवतही नाहीत.

तुमच्या वडिलांनी तुम्हाला पहाटे उठून नाव घ्यायला शिकवलं असेल, खोटं बोलू नको म्हणून दटावलं असेल. ते तुमच्या विश्वासात आलं आहे, त्याबद्दल उघडपणे देवाचे आभार माना. काकांना उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. आईचं औषधपाणी, तिला डॉक्टरकडे नेणं-आणणं तुम्ही अंगावर घेतलंत, की वर्ष-दोन वर्षांत काकाच दुसरं काहीतरी बोलायला लागतील. नाही लागले, तरी आईचं झालं ना!

पत्र तिसरं

*सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या. शेजारी म्हणतात, वर्षभर सण करायचा नाही. मुलं लहान आहेत, नाताळची चांदणी लावूया म्हणतात, येशूजन्माचा गोठा करूया म्हणतात. नवरा काहीच बोलत नाही. काय करू?*
*— एक सून, वसई*

चांदणी लावा. वर्षभर सुतक पाळण्याची सक्ती आपल्या कुठल्याच मंडळीत नाही. कॅथलिकांचा २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो, कबरीवर फुलं-मेणबत्त्या घेऊन सगळं गाव जातं. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे सहसा तसा ठरलेला दिवस नसतो, आणि मला तुमचा हेवाच वाटतो. तुम्ही मुलांना घेऊन गेला असालच. नसाल तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी जा, तारीख उलटली म्हणून कबरीवर कोणी अडवत नाही.

गोठाही करा, पण मुलांना मत्तयाचा दुसरा अध्याय पुरता वाचून दाखवा. मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, सोनं देऊन परत जातात तिथे तो संपत नाही. हेरोद राजाच्या शिपायांनी बेथलेहेमातली बाळं मारली, आणि इस्राएलाची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, तिला सांत्वन नकोच आहे, असं मत्तयानं पाळण्याच्या गोष्टीतच लिहून ठेवलंय. तुमच्या नवऱ्याला गप्प राहायला त्या गोठ्याशेजारी जागा आहे. त्याला हसवायला जाऊ नका. आईच्या हातचं काय आवडायचं, एवढं एकदा विचारा. तो बोलला तर तो पदार्थ करा, बिघडला तरी करा. करंज्या-शंकरपाळ्यांचा सगळा घाट या वर्षी घालू नका, तेवढ्याकरता बहिणीला किंवा जावेला आत्ताच फोन करून सांगून ठेवा. डिसेंबरच्या विसाव्या तारखेला कोणाला वेळ नसतो.