बसलचा गॉथिक ड्रेस: बॉडिस वर का चढतो आणि मागचा घेर का लोंबतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: १८८० च्या दशकाच्या वळणाचा, सिनेमातल्यासारखा काळा आणि वाइन रंगाचा ड्रेस शिवताय. बॉडिस (ड्रेसचा वरचा, अंगाला घट्ट बसणारा भाग) आधी तयार झाला, पण कॉर्सेटवर (कमर आवळणाऱ्या, नाडीने बांधायच्या ताठ अंतर्वस्त्रावर) घातला की कमरेच्या वर आडव्या सुरकुत्या पडतात आणि हात उचलला की सगळा बॉडिस वर येतो. स्कर्टचा मागचा फुगवटा उभा राहत नाही. आठ मीटर कापड झालरींना पुरलं नाही. आणि हे सगळं दिवसभर अंगावर वागवायचं आहे.

पहिली चूक म्हणजे शिवण्याचा क्रम उलटा झाला. हा आकार वरच्या कापडात नसतो, तो आतून येतो. म्हणून आधी कॉर्सेट, मग बसल (मागचा घेर उचलून धरणारा, कडक पट्ट्या घातलेला आतला सांगाडा), त्यावर परकर, मग स्कर्ट आणि सगळ्यात शेवटी बॉडिस. प्रत्येक टप्प्याचं माप आधीचे सगळे थर अंगावर घालून घ्यायचं. बॉडिस आधी शिवला म्हणजे त्याच्या कमरेखालच्या भागाला परकर, स्कर्ट आणि बसलच्या पट्ट्यांची जाडी ठाऊकच नसते.

शिवलेलं उसवायच्या आधी एक तपासणी करा. सगळे थर घालून बॉडिस चढवा आणि बाजूची शिवण फक्त कमरेच्या खाली उसवा. सुरकुत्या गेल्या तर बॉडिस नितंबांवर घट्ट आहे. खाली जागा नाही म्हणून तो वर सरकतोय आणि जास्तीचं कापड कमरेवर गोळा होतंय. तिथे कळी (जोडतुकडा) घाला किंवा माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडून घ्या. सुरकुत्या तशाच राहिल्या तर आत बघा. कमरेपाशी शिवणींच्या मायेला काप दिले आहेत का? वळणावर दर दीड-दोन सेंटिमीटरला, टिपेच्या तीन मिलिमीटर अलीकडे थांबणारे काप लागतात. सरळ माया आत वळायला नकार देते आणि कापडाला बाहेरून दुमडायला लावते. अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं शिवून नंतर जोडलं असेल तर तेही कारण असू शकतं. त्या काळच्या बॉडिसमध्ये प्रत्येक तुकडा आधी सुती अस्तरावर कच्च्या टाक्यांनी बसवून दोन्ही पदर एकच कापड समजून शिवत. तोच मार्ग धरा.

हेही करून बॉडिस सरकत असेल तर आत कमरपट्टी हवी. अडीच सेंटिमीटर रुंद, न ताणली जाणारी पीटरशॅम पट्टी (जाड विणीची फीत) घ्या. तिची लांबी कॉर्सेटवरच्या कमरेपेक्षा एक-दोन सेंटिमीटर कमी ठेवा. ती फक्त मागच्या मधल्या शिवणीला आणि तिच्या बाजूच्या दोन शिवणींना हाताने टाका, पुढची दोन्ही टोकं मोकळी सोडा आणि त्यांना हूक लावा. घालताना आधी हे हूक, मग बटणं. बॉडिस जागेवर धरून ठेवण्याचं काम ही पट्टी करते, बटणांवर ताण येत नाही. बाहेरून दिसत नाही म्हणून लोक ती गाळतात आणि मग दिवसभर बॉडिस खाली ओढत बसतात.

हात उचलल्यावर वर येण्याचा दोष मुंढ्याचा (बाही जोडतो त्या भोकाचा). आजच्या ड्रेसचा मुंढा काखेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली असतो. या बॉडिसला तो काखेला जवळजवळ चिकटून, फार तर एक-दीड सेंटिमीटर खाली हवा. ऐकायला उलटं वाटतं, पण मुंढा जितका खाली, तितकं हात उचलताना बाजूचं कापड जास्त ओढलं जातं. आता कापलेला मुंढा वर नेता येणार नाही. काखेत आठ ते दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा उरेब (तिरका) घालून काम भागेल. काळ्या कापडात तो दिसत नाही. बाही दोन तुकड्यांची आणि कोपराला वळण असलेलीच घ्या. एका तुकड्याची सरळ बाही कोपरात अडते.

पुढच्या वेळी मांजरपाटाचा कच्चा बॉडिस आधी शिवून बघा. त्यात फक्त उभं राहू नका. बसा, जिना चढल्यासारखे पाय उचला, फोन कानाला लावा. कॉर्सेटवरच्या मापात छातीला दोन-तीन सेंटिमीटर सैलपणा पुरे.

कॉर्सेटबद्दल थोडक्यात. वळणाच्या शिवणींत स्पायरल पोलादी बोन (आत घालायच्या, सगळीकडे वाकणाऱ्या ताठ पट्ट्या), मागे नाडीच्या भोकांच्या दोन्ही बाजूंना सपाट पोलादी बोन. प्रत्येक बोन नेफ्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर आखूड ठेवा, नाहीतर महिन्याभरात टोक कापडातून बाहेर येतं. पोलाद मिळत नसेल तर नऊ मिलिमीटर रुंद, जाड केबल टाय चालतात. टोकं गोल कापून घासा. अंगाच्या उबेने ते वाकतात, हे लक्षात असू द्या. भोकं कात्रीने कापू नका, आरीने (टोच्याने) धागे बाजूला सारून मग आयलेट (भोकाची धातूची कडी) ठोका. धागे तुटले की ताण पडल्यावर आयलेट कापडासकट उपटून येतं. पहिल्या कॉर्सेटला कमर पाच सेंटिमीटर कमी केलीत तरी भरपूर. आकार बसलमुळे दिसतो, श्वास कोंडून नाही.

आता मागचा फुगवटा. तुमच्या वर्णनावरून बसलमध्ये पट्ट्या घातल्या आहेत, पण आतून बांधलेल्या नाहीत. सत्तर सेंटिमीटरची पट्टी नेफ्यात नुसती सरकवली तर ती पट्टीसारखीच सपाट राहते. तिची दोन टोकं आतून नाडीने ओढून तीस सेंटिमीटरवर आणली की ती कमानीसारखी मागे फुगते. फुगवटा किती हवा, हे त्या नाड्याच ठरवतात. म्हणून नाड्या शिवून टाकू नका, गाठ बदलता येईल अशा ठेवा. पाच पट्ट्या घ्या: सगळ्यात वरची कमरेखाली पाच-सहा सेंटिमीटरवर आणि आखूड, खालच्या क्रमाने लांब. वरची पट्टी खाली सरकली तर मागे सपाट फळीसारखा टप्पा येत नाही, नुसता उतार मिळतो. १८८३ ते १८८९ या बसलच्या दुसऱ्या काळाची खूणच तो टप्पा आहे, आणि गॉथिक ड्रेसेसना तो शोभतो. वर एक छोटी, कापूस भरलेली उशी बांधा आणि त्यावर झालरीचा परकर घाला. परकर नसेल तर पट्ट्यांच्या कडा कापडातून फासळ्यांसारख्या दिसतात.

स्कर्ट पुढे सपाट आणि मागे सगळा घेर, असा कापायचा. पुढच्या आणि बाजूच्या तुकड्यांना टक्स आणि मागचे तुकडे पंधरा-वीस सेंटिमीटरच्या जागेत प्लीट्स घालून गोळा करायचे. आतल्या बाजूने, मांडीच्या मध्यावर, बाजूच्या शिवणींना दोन नाड्या लावून त्या मागे बांधा. घेर पुढे येऊन पायात घुटमळतो, तो याने मागे राहतो. लांबी चपला-बूट घालून, बसलवरून मोजा: पुढे, बाजूला आणि मागे वेगवेगळी. मागची लांबी पुढच्यापेक्षा आठ ते पंधरा सेंटिमीटर जास्त निघते.

कापडाचा हिशोब इथे करतो, कारण सगळ्यात जास्त अंदाज इथेच चुकतो. खालचा घेर २६० सेंटिमीटर धरा. चाकूसारख्या एकाच दिशेच्या प्लीट्सना तिप्पट लांबी लागते, म्हणजे ७८० सेंटिमीटर. ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून आडव्या पट्ट्या कापल्या तर जोडशिवणींसकट आठ पट्ट्या. पट्टीची उंची माया धरून १५ सेंटिमीटर. तीन रांगा हव्या असतील तर २४ पट्ट्या, म्हणजे ३६० सेंटिमीटर कापड केवळ झालरींना गेलं. स्कर्टला पाच मीटर, वरच्या ॲप्रनला (स्कर्टवर पुढे सोडलेल्या कापडाला) अडीच, बॉडिसला दोन. तेरा मीटरपेक्षा कमी घेतलं तर ते अपुरं पडणारच. कापड वाचवायचं तर प्लीट्सऐवजी चुण्यांची झालर घ्या, तिला दीड ते दुप्पट पुरते. किंवा झालरींचा वरचा, दुसऱ्या झालरीखाली झाकला जाणारा भाग अस्तराच्या कापडात बसवा.

काळ्या रंगाचं एक दुखणं असतं. दोन ठिकाणांहून घेतलेले दोन काळे दिवसा सारखे वाटतात आणि फ्लॅशमध्ये एक तपकिरी, दुसरा निळसर निघतो. आधी तुकडे शेजारी ठेवून फ्लॅशचा फोटो काढा. दुसरं म्हणजे, सगळं काळं मखमल केलं तर फोटोत नुसता डाग दिसतो, शिवणी आणि झालरी गायब. मखमल प्रकाश गिळते, टाफेटा (कडक, चमकदार कापड) तो परतवतो, लेसमधून खालचं दिसतं. तिन्ही मिसळा, चमकणारा भाग उंचवट्यावर ठेवा. (खऱ्या व्हिक्टोरियन शोकवेषात मात्र चमक वर्ज्य होती. पूर्ण शोकात निस्तेज क्रेप (बिनचमकीचं, सुरकुतलेल्या पोताचं कापड) वापरत आणि १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट गेल्यावर व्हिक्टोरिया राणी १९०१ पर्यंत काळ्यातच राहिली. सिनेमाला हा नियम लागू नाही. १९९२ च्या ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’च्या वेषभूषेसाठी एइको इशिओका यांना ऑस्कर मिळालं, ते काळाशी प्रामाणिक राहिल्याबद्दल नक्कीच नाही.) मखमल कापताना सगळे तुकडे एकाच दिशेला ठेवा, लव वरच्या बाजूला जाईल असे. मग काळा जास्त गडद दिसतो. इस्त्री उलट्या बाजूने, खाली दुसऱ्या मखमलीचा तुकडा ठेवून आणि नुसत्या वाफेने.

उंच उभी कॉलर असेल तर ती ताठ ठेवणाऱ्या तारेची टोकं आत वळवून, कापडी टेपमध्ये बांधून मगच शिवा. टोचायला लागलं की कॉलर काढून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

घालण्याचा क्रम: आधी बूट आणि मोजे, कारण कॉर्सेटमध्ये वाकता येत नाही. मग सुती शमीज (अंगाला लागून घालायचा सैल झगा), कॉर्सेट, बसल, परकर, स्कर्ट, बॉडिस. अंडरवेअर कॉर्सेटच्या खाली न घालता वरून घाला, स्वच्छतागृहात याचं महत्त्व कळेल. चार कमरपट्ट्या एकावर एक आल्या तर तिथे जाड वळी उभी राहते, म्हणून त्यांचे हूक वेगवेगळ्या जागी ठेवा. बसताना पाठीशिवायच्या स्टुलाच्या कडेवर बसा, बसल मागे मोकळा राहू दे. मागचा घोळ (जमिनीवर लोळणारा भाग) असेल तर त्याच्या आतल्या बाजूला एक फीत शिवा, मनगटात अडकवून तो उचलता येतो. सरकत्या जिन्यावर मात्र अजिबात जाऊ नका, झालर दातांत अडकते. लिफ्ट शोधा. बोटं बधिर झाली, मांडीला मुंग्या आल्या किंवा श्वास वरवरचा झाला की त्याच क्षणी नाड्या सैल करायच्या. म्हणून कॉर्सेटची गाठ कमरेपाशी, सोबत्याच्या हाताला पटकन लागेल अशी हवी, आणि हे सोबत्याला आधी सांगून ठेवा. नवा कॉर्सेट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी आठवडाभर, रोज एक-दोन तास, सैल नाडीवर.

पिशवीत वाकडी सुई, काळा दोरा, मोठ्या सेफ्टी पिना, दोन जादा हूक आणि नाडीचा सुटा तुकडा ठेवा. नकली रक्त लावणार असाल तर कापडाच्या कातरणावर आधी टाकून एक रात्र ठेवा. टाफेट्यावरचा साखरी पाकाचा डाग निघाला तरी कडा उरते. काखेत घाम शोषणारे पॅड टाका. घरी आल्यावर बॉडिस उलटा करून हवेत टांगा, कॉर्सेटच्या नाड्या पूर्ण सैल करून तो आडवा वाळू द्या. धुवायची फक्त शमीज.