जुन्या एस्टीमवर ऑटोक्रॉस खेळायचे असेल, तर नागपुरात इंजिनाच्या आधी कशाला हात लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची २००२ सालची, एमएच-३१ पासिंगची एस्टीम घरात उभी आहे, तिच्यावर ऑटोक्रॉस (मैदानात शंकू मांडून आखलेल्या मार्गावर घड्याळाशी शर्यत) आणि जमल्यास हौशी टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली करायची इच्छा आहे, आणि इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी पहिले पन्नास हजार रुपये कशावर खर्च करावेत हे विचारायचे आहे. मी नागपुरातच अशा जुन्या जपानी घडणीच्या गाड्या हौसेने सांभाळतो, त्यामुळे स्पष्टच सांगतो की पहिल्या वर्षी त्यातला एकही रुपया ताकद वाढवण्यावर खर्च करू नका. वीस वर्षांपेक्षा जुनी गाडी आपल्या शहरात हरते ती ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तर उष्णता, ब्रेक आणि वाळलेले रबर या तीन गोष्टींमुळे. त्यांचा बंदोबस्त झाला की तीच गाडी तुम्हाला नवी वाटेल.

गाडीची निवड मात्र चांगली आहे. एस्टीम म्हणजे सुझुकी कल्टसचे सेडान रूप. कल्टसची हीच पिढी परदेशात स्विफ्ट या नावाने विकली गेली आणि तिच्या जीटीआय आवृत्तीत याच जी-१३ घराण्यातले दोन कॅमशाफ्टचे इंजिन होते, त्यामुळे या गाडीच्या सांगाड्याविषयी जगभरातल्या हौशी चालकांनी मिळवलेले ज्ञान तुमच्याही उपयोगाचे आहे. तुमच्या गाडीतले १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचे) इंजिन सुमारे ८५ हॉर्सपॉवर देते आणि गाडीचे वजन नऊशे किलोंच्या आत आहे. ऑटोक्रॉसच्या शंकूंमधून वळताना एवढे गुणोत्तर पुरेसे होते. जिप्सी किंगमध्येही याच घराण्यातले १.३ लिटरचे इंजिन असल्यामुळे सुटे भाग आणि ते इंजिन ओळखणारे मिस्त्री अजून मिळतात. होंडा सिटी व्हीटेक किंवा लान्सर घेणाऱ्यांना त्यासाठी बरीच जास्त पायपीट करावी लागते. (स्कायलाईन किंवा जुनी सिव्हिक जपानहून मागवण्याचे स्वप्न पाहणारे मित्र तुम्हालाही असतील, आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे आयातच करता येत नाही, हे त्यांना सांगून टाका.) शिवाय समुद्रकाठच्या गाडीच्या मानाने नागपुरात वाढलेल्या गाडीचा पत्रा बराच शाबूत असतो. तरीही पुढच्या स्ट्रटचे माथे, जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या काचेखालची पन्हाळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा, कारण गंजलेल्या सांगाड्यावर केलेला खर्च वाया जातो.

आता उष्णतेकडे वळू. ऑटोक्रॉसची एक फेरी जेमतेम मिनिट-दोन मिनिटांची असते, पण त्या वेळात इंजिन जवळजवळ सारखे वरच्या आरपीएमवर फिरते, गाडीचा वेग मात्र कमी असतो, त्यामुळे रेडिएटरमधून वारा जातच नाही. आणि फेरी संपल्यावर गाडी उन्हात रांगेत उभी राहते. हायवेवर कधीही हीट न मारणारी गाडी मैदानावर उकळते, त्याचे कारण हे आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. म्हणजे तेवढी ताकद उन्हानेच खाल्लेली असते. अशा हवेत बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला, तर इंजिन रेडिएटरमागची आणखी तापलेली हवा ओढते. आवाज भारदस्त होतो, गाडी मंदावते आणि कोरड्या मातीची धूळ आत जाते ती वेगळीच. कंपनीचा बंद डबा, त्यात नवा कागदी फिल्टर आणि बाहेरची थंड हवा घेणारी शाबूत नळी, यापेक्षा चांगली व्यवस्था तुम्हाला बाजारात मिळणार नाही.

थंड करणाऱ्या यंत्रणेत पहिल्यांदा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा झडप) जागेवर आहे का ते पाहा. विदर्भातल्या गाड्यांमध्ये तो बऱ्याचदा काढून फेकलेला असतो, कारण ‘इकडच्या उन्हात त्याची गरजच काय’ असा मिस्त्रींचा समज आहे. वास्तविक थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानावर लवकर पोहोचत नाही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि सिलिंडरची झीज वाढते. उकळणाऱ्या गाडीचा मूळ आजार मात्र जिथल्या तिथेच राहतो. तो आजार बहुधा रेडिएटरच्या तुंबलेल्या नळ्यांमध्ये, उशिरा सुरू होणाऱ्या पंख्यात किंवा रेडिएटरच्या झाकणात असतो. झाकण ही दीड-दोनशे रुपयांची वस्तू, पण तिच्यावर छापलेला ०.९ हा दाबाचा आकडा महत्त्वाचा आहे. तेवढा दाब टिकला तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते, आणि स्प्रिंग ढिली पडली असेल तर शंभरीतच. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये कधीच घालू नका. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, त्यामुळे तीस-चाळीस टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण पुरते. कूलंटचे होज पाइप बोटांनी दाबून पाहा. क्लिपजवळ फुगलेला किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप बदलायचाच. फेरी संपल्याबरोबर इंजिन बंद न करता मिनिटभर पंख्यासह चालू ठेवावे आणि मग बॉनेट उघडून ठेवावे, कारण बंद केलेल्या इंजिनात पाणी फिरत नाही आणि सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, साठलेली उष्णता तिथेच मुरते. हे हेड ॲल्युमिनियमचे आहे. गाडी पूर्वी कधी उकळली असेल तर ते काढून त्यावर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेजने फट मोजा, मर्यादा ०.०५ मिलिमीटर आहे. त्याहून जास्त फट असेल तर हेड फेस मारून (घासून सपाट करून) घ्यावे लागते, हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला ते काम व्यवस्थित होते.

रबराच्या बाबतीत अलीकडे एक नवी भानगड उभी राहिली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २००२ च्या गाडीतले पेट्रोलचे पाइप, ओ-रिंग आणि पंपाचे रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेले आहे. इथेनॉलने असे रबर आधी फुगते, मग तडकते, आणि गरम इंजिनावर पेट्रोलचा पाइप तडकणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला चालणारे नवे पाइप व क्लिपा टाकीपासून इंजेक्टर रेलपर्यंत घाला, फ्युएल फिल्टर बदला आणि गाडी पावसाळ्यात दीड-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत गंज लवकर धरतो. पेट्रोलमध्ये हात घातलाच आहे तर बॅटरीचा मुख्य कट-ऑफ स्विच आणि दोन किलोचा अग्निशामक आताच बसवून घ्या. अग्निशामक सीटखाली लोळता कामा नये, धातूच्या पट्ट्याने पक्का आवळलेला असावा.

ब्रेकचे ऑईल शेवटचे कधी बदलले हे बहुतेक मालकांना सांगता येत नाही. बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या छोट्या टाकीचे झाकण उघडून पाहा. नवे ऑईल मधाच्या फिकट रंगाचे असते, जुने काळ्या चहासारखे दिसते. डॉट ३ ऑईल नवे असताना २०५ अंशांना उकळते, पण पाणी शोषल्यावर तोच आकडा १४० वर येतो, आणि ब्रेकवर सलग जोर दिला की कॅलिपरमधली उष्णता तिथवर पोहोचते. मग पेडल पायाखाली स्पंजासारखे दबत जाते आणि गाडी शंकूंच्या पुढे निघून जाते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, ते जुन्या गाडीत चालते आणि त्याची किंमत एका पिझ्झ्याएवढी आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, दुकानदाराने आग्रह केला तरी ते घालू नका. ऑईल बदलताना चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा, कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावा, मागच्या ड्रमची शू नीट बसवून घ्या आणि हँडब्रेक घट्ट करा. ऑटोक्रॉसच्या आखूड वळणांवर हँडब्रेक हेच खरे हत्यार आहे.

सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याचा प्रकार आपल्याकडे फार चालतो. तो करू नका. आधी लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरे), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि स्ट्रटचे वरचे माउंट पाहा. गाडी जॅकवर घेऊन पहारीने आर्म हलवला की फाटलेला बुश डोळ्यांना दिसतो. हे सगळे नवे घालून, चांगले शॉकअप बसवून आणि अलाइनमेंट करून घेतलेली मूळ उंचीची गाडी, कापलेल्या स्प्रिंगवर उड्या मारणाऱ्या गाडीला मैदानावर सहज मागे टाकते. टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचायला शिका: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर नागपूरच्या उन्हात दगड झालेला असतो. हवेचा दाब मोजायचा तो सकाळी, टायर थंड असताना. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पीएसआयने वाढतो, म्हणून जानेवारीच्या पहाटे भरलेली हवा दुपारच्या फेरीला तशीच राहत नाही.

टीएसडीचा विचार असेल तर टायर बदलताना आणखी एक हिशेब करावा लागतो. त्या प्रकारात वेगाला नव्हे, तर ठरवून दिलेली सरासरी सेकंदांच्या हिशेबाने पाळण्याला महत्त्व असते, आणि तुमचे अंतर चाकाच्या घेरावरून मोजले जाते. गाडीवर १७५/७० आर १३ टायर असतील आणि तुम्ही १८५/६० आर १४ घातले, तर व्यासात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो, आणि तो ओडोमीटर तपासून हिशेबात धरता येतो. मनाला येईल ते जाड टायर घातले की साऱ्या दिवसाचे गणित चुकते. टीएसडीसाठी गाडीत याखेरीज फारसे काही करावे लागत नाही. तिथे नकाशा वाचणारा सोबती चांगला हवा.

गिअरबॉक्सविषयी एवढेच सांगतो की कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले जीएल-४ ऑईलच घाला. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रो रिंगला (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) बाधतात.

रोल केजचा (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी पिंजऱ्याचा) प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढे तो येणारच. मुख्य कमानीसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमात ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० व्यासाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा, जोडविरहित थंड ओढलेला पोलादी पाइप सांगितलेला आहे; फर्निचरवाल्याकडच्या वेल्डिंगच्या पाइपने ते काम होत नाही. दुसरे असे की केज घातलेली गाडी रोजच्या रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणे धोक्याचे आहे, कारण किरकोळ धडकेतही डोके त्या पाइपवर आदळू शकते. स्टेज रॅलीत (बंद रस्त्यावरच्या वेगाच्या रॅलीत) उतरायचे ठरले आणि गाडी फक्त स्पर्धेसाठी राखली, तरच केज करा. ऑटोक्रॉससाठी चांगले हेल्मेट, शाबूत सीटबेल्ट आणि घट्ट बसणारी सीट एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्यक्ष स्पर्धेचे नियम आणि परवाना यांसाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाची नियमपुस्तिका पाहावी.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करते, आणि तुमच्या गाडीला पंधरा वर्षे उलटून गेल्यामुळे दर पाच वर्षांनी आरटीओत तिची तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते. बोंबलणारा सायलेन्सर घेऊन तिथे गेलात तर काय होईल हे तुम्ही जाणताच. आउटर रिंग रोडवर रात्री ‘प्रॅक्टिस’ करण्याचे आमंत्रण कोणी दिले तर जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा त्यात काही दोष नसतो.

राहिला इंजिनाचा प्रश्न. वरचे सगळे झाल्यावर इंजिन गरम करून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. या इंजिनात ते चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलो असायला हवे, १२ च्या खाली गेले तर इंजिन थकले असे समजावे, आणि दोन सिलिंडरांमध्ये एकाहून जास्त किलोचा फरक नसावा. आकडे चांगले आले तर प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि व्हॉल्व्हचे अंतर तपासणे यापलीकडे इंजिनाला हात लावू नका. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. दुसऱ्या परिस्थितीत हेड उतरवावेच लागेल; तसे झाले तर टाइमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी नवे घाला, कारण तिथवर पोहोचण्याची मजुरी तुम्ही एकदा दिलेलीच असते.