बाल्कनीत आलेला किडा नवीन प्रजाती आहे हे कसं ठरतं, आणि त्याला नाव कोण देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घोडबंदर रोडला राहता, पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटखाली एक लांबट केशरी-काळा किडा आला, फोटोवरून ओळखणारं ॲप ठाम काही सांगेना. तो विज्ञानाला नवीन असू शकतो का, आणि असेल तर त्याला मुलीचं नाव देण्यासाठी कुठे अर्ज करायचा?

तुमचा किडा नवीन नाही. केशरी छाती, त्यामागे निळसर चमकणारी आखूड पंखकवचं, मग केशरी पोट आणि काळं टोक, हे वर्णन पेडेरस या रोव्ह बीटलचं, म्हणजे आखूड पंखकवचांच्या एका भुंगेऱ्याचं आहे. त्यातल्या पेडेरस फ्युसिपेसचं नामकरण १८२६ सालीच झालंय. भातशेतीत तो तुडतुडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पण अंगावर चिरडू नका. तो चावत नाही, डंखही मारत नाही. चिरडल्यावर त्याच्या रक्तातलं पेडेरिन कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो. आपल्याकडे बरेच जण त्या पट्ट्याला नागीण समजून घाबरतात. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर साबणाने धुवा आणि तो हात डोळ्यांना लावू नका. गंमत म्हणजे हे विष किडा स्वतः बनवत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू बनवतात.

आता मुख्य प्रश्न. मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी याच कुलातले भुंगेरे मायक्रोस्कोपखाली घेऊन बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोव्ह बीटलच्या कुलात आजवर साठ हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत, आणि बिननावाच्या अजून भरपूर आहेत. त्यामुळे आपल्या डोंगरातल्या पाचोळ्यात नवीन काही मिळणं मुळीच अशक्य नाही. अवघड असतं ते आधी कुणीच त्याला नाव दिलेलं नाही हे दाखवणं. भारतातल्या रोव्ह बीटल्सवरचे मुख्य ग्रंथ अजूनही माल्कम कॅमरॉनचे आहेत. हा ब्रिटिश नौदलातला डॉक्टर. त्याचे खंड १९३० ते १९३९ दरम्यान निघाले. वर्णनं नेमकी आहेत, पण चित्रं फार थोडी. ‘डोकं छातीपेक्षा किंचित रुंद, ठिपके विरळ’ असं वाचून तुमच्या हातातला तीन मिलिमीटरचा जीव तोच की दुसरा, हे सांगता येत नाही. मग ज्या नमुन्यावरून ते वर्णन लिहिलं तो मूळ नमुना पाहावा लागतो. कॅमरॉनचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. दुसरा मोठा माणूस बर्नहाउअर, पेशाने ऑस्ट्रियातला नोटरी, त्याने एकट्याने पाच हजारांहून जास्त प्रजाती वर्णिल्या आणि त्याचा संग्रह गेला शिकागोला. म्हणजे ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातल्या किड्याचा निकाल लागायला कधी लंडनला पत्र, कधी शिकागोकडे फोटोची विनंती. नवशिके इथेच कंटाळतात, आणि मला तर याच कामात सगळ्यात जास्त रस आहे.

संग्रहातही नवीन प्रजाती सापडतात. डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे पकडलेला एक रोव्ह बीटल लंडनच्या संग्रहात पडून होता. त्याचं वर्णन झालं २०१४ साली, नाव डार्विनिलस सेडारिसी. नुसती प्रजातीच नाही, वंश (प्रजातींच्या वरचा गट, जीनस) सुद्धा नवा निघाला.

आता टेबलावरचं, मायक्रोस्कोपखालचं काम. या भुंगेऱ्यांचं पोट दुर्बिणीच्या नळीसारखं आत-बाहेर होतं, त्यामुळे एकाच प्रजातीचा एक नमुना चार मिलिमीटर भरतो तर दुसरा पाच. म्हणून एकूण लांबीवर भरवसा ठेवत नाहीत. डोकं, छातीची ढाल आणि पंखकवचं यांची मापं घेतात. शिवाय शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीच्या) एकेका खंडाची लांबी-रुंदी, ठिपक्यांची दाटी, केसांची दिशा. आणि एवढं करूनही बऱ्याचदा दोन प्रजाती बाहेरून सारख्याच दिसतात.

शेवटी निकाल लागतो नराच्या जननेंद्रियावर. वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करायचा, पोटाचे शेवटचे खंड बारीक सुईने सोडवायचे, कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ठेवून स्नायू विरघळवायचे, मग ग्लिसरीनच्या थेंबात आडवं-उभं फिरवत चित्र काढायचं. एक शिंक आली की संपलं. तो कणाएवढा अवयव नंतर त्याच टाचणीवर, छोट्या कार्डावर किंवा बारीक कुपीत, मूळ किड्यासोबतच राहिला पाहिजे. नर नसताना केवळ एका मादीवरून नवीन प्रजाती जाहीर करणारे निबंध मला पटत नाहीत. नियमात ते बसतं, पण पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप होतो.

डीएनए तपासून लगेच कळत नाही का, असंही लोक विचारतात. मदत होते. पण नव्वद वर्षांपूर्वीच्या मूळ नमुन्यांचे डीएनए क्रम बहुतेक वेळा उपलब्धच नसतात, मग तुलना कशाशी करणार?

नावाचं म्हणाल तर अर्ज वगैरे काही नसतो. प्राण्यांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे, सध्या तिची १९९९ची चौथी आवृत्ती चालते. नवीन प्रजाती म्हणून स्पष्ट जाहीर करायचं, ती कशात वेगळी आहे ते लिहायचं, एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना म्हणून ठरवायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगायचं. निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी लागते. जो हे वर्णन छापतो तोच नाव देतो. मुलीचं नाव चालतं. लॅटिनच्या रीतीने स्त्रीच्या नावाच्या शेवटी ‘ई’ (ae) आणि पुरुषाच्या नावाच्या शेवटी ‘आय’ (i) लागतो. स्वतःचं नाव देण्यावर बंदी नाही, पण कुणी देत नाही, हसू होतं. नमुना तुम्ही दिलात आणि वर्णन दुसऱ्याने केलं तर तो तुमच्या नावाने प्रजाती करू शकतो. आपणहून मागू मात्र नका.

कायद्याचं एक. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, किडासुद्धा नाही. आणि जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे, तिथे विचारा.

खरंच सुरुवात करायची असेल तर जंगलात जायची गरज नाही. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात ना? त्या खड्ड्यात रोव्ह बीटल्सची रेलचेल असते, माश्यांच्या अळ्यांवर टपलेले. मूठभर अर्धवट कुजलेलं खत पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा. आखूड कवचांचे, शेपूट वर उचलून धावणारे दिसतील. केशरी-निळे सोडून द्या, बाकीचे ओल्या ब्रशने टिपून मेडिकलमधल्या स्पिरिटच्या बाटलीत टाका. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला: ठिकाण, तारीख, कशात सापडला, कुणी पकडला. शाईने लिहू नका, स्पिरिटमध्ये ती धुऊन जाते. चिठ्ठीशिवाय आलेली बाटली मी उघडतही नाही.