वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात पुढे सरकणारा ठिपका

प्रश्न : मी कोकणातील एका महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकतो. टीएलसीच्या (प्लेटवरील पातळ थरातून द्रावक चढवून पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) प्रात्यक्षिकात मे महिन्यात द्रावक ८ सेंमी चढले तेव्हा पॅरासिटामॉलचा ठिपका ३ सेंमीवर होता, म्हणजे आरएफ (ठिपक्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर) ०.३८ आला. जुलैमध्ये तेच द्रावक-मिश्रण आणि त्याच खोक्यातली सिलिका जेलची प्लेट घेऊनही तो ०.४६ आला. दोन्ही वेळा प्लेट ११० अंशांवर अर्धा तास तापवली होती. मग चूक कुठे झाली?

उत्तर : चूक तुमच्या हातून झाली असेलच असे नाही, बहुधा ती हवेची आहे. सिलिका जेलच्या कणांवर जे हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना औषधाचे ध्रुवीय रेणू हायड्रोजन बंधांनी धरून राहतात आणि म्हणून द्रावकाच्या मागे पडतात. मात्र हवेतल्या बाष्पाचे रेणूही याच जागांवर हक्क सांगतात. पाण्याने जागा अडवल्या की थराची पकड सैल होते आणि ठिपका पुढे जातो. प्लेट तापवणे म्हणजे हे पाणी हुसकावणे; पण ओव्हनमधून काढलेली प्लेट टेबलावर ठेवून तुम्ही केशनळीने एकेक ठिपका देता, तो वाळू देता, पुन्हा देता, आणि जुलैतल्या हवेला तेवढी मिनिटे पुरतात. अर्ध्या तासाची कमाई तिथेच जाते.

तापवलेली प्लेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करावी आणि ठिपके झटपट द्यावेत, हे तर खरेच. एचपीटीएलसीमध्ये, म्हणजे टीएलसीच्या अधिक अचूक प्रकारात, याहून काटेकोर उपाय करतात : ठिपके देऊन झाल्यावर प्लेट मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावरील बंदिस्त हवेत काही वेळ ठेवतात. तिथली सापेक्ष आर्द्रता सुमारे ३३ टक्क्यांवर स्थिर राहत असल्याने बाहेर ऊन आहे की पाऊस, याने फारसे बिघडत नाही. ज्या बंद भांड्यात द्रावक प्लेटवर चढते, त्या चेंबरच्या आत गाळणकागद लावून चेंबर द्रावकाच्या वाफेने आधी भरून घेणेही तितकेच आवश्यक आहे; घाईत नेमके हेच राहून जाते.

तरीही माझ्या मते तुमचा खरा घोळ वेगळा आहे. द्रवणांकासारखा आरएफही पदार्थाचा कायमचा आकडा आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. तो त्या दिवशीच्या त्या प्लेटचा आकडा असतो. म्हणूनच ओळख पटवताना फार्माकोपियाचा, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाचा, भर नमुन्याशेजारी, त्याच प्लेटवर, प्रमाणित पदार्थाचा ठिपका देण्यावर असतो. शक्य असल्यास तिसऱ्या जागी दोन्ही एकावर एक द्यावेत. तिथे ठिपका दुभंगला, तर पदार्थ दोन आहेत. न दुभंगता वर चढला, तर ओळखीला चांगला आधार मिळतो, मग आरएफ ०.३८ असो वा ०.४६.

प्रश्न : गोळीच्या अर्काचा अतिनील दिव्याखाली एकच काळा ठिपका दिसला, तर त्यात दुसरे काहीच नाही असे समजावे का?

उत्तर : समजू नये. एफ-२५४ प्लेटच्या थरात २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात हिरवा चमकणारा पदार्थ मिसळलेला असतो. जो पदार्थ तो प्रकाश शोषतो, त्याचीच सावली आपल्याला दिसते. पॅरासिटामॉल तो चांगला शोषते. गोळीत भरण म्हणून वापरलेले लॅक्टोज जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे ते अर्कात उतरून प्लेटवर असले तरी दिव्याला दिसणार नाही. मिथेनॉलमधील सल्फ्युरिक आम्ल फवारून तीच प्लेट तापवली, की आरंभरेषेजवळ, जिथे आधी काहीच नव्हते, तिथे ते करपून काळसर उमटते. ही फवारणी धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावी आणि त्यासाठी काचेची प्लेट घ्यावी. प्लॅस्टिकचा आधार असलेली चालणार नाही.

अशुद्धी किती, हे पाहण्याची जुनी पण चोख रीत अशी : नमुन्याचेच द्रावण २०० पट विरळ करून त्याचा तेवढाच थेंब शेजारी द्यावा. मूळ द्रावणातला कोणताही जादा ठिपका या ०.५ टक्क्याच्या ठिपक्यापेक्षा गडद नसेल, तर नमुना त्या मर्यादेत बसला असे धरतात.