अमेरिकेत कंपनीचा सीईओ मंत्री झाला तर त्याला शेअर्स विकावे लागतात का?

बहुतेक वेळा हो, विकावे लागतात नाहीतर त्या कंपनीच्या विषयापासून लांब राहावं लागतं, कारण तिथल्या फेडरल कायद्याच्या कलम 208 नुसार स्वतःच्या पैशावर परिणाम होईल अशा कामात सरकारी माणसाने हात घालणं हा चक्क फौजदारी गुन्हा आहे. हेन्री पॉलसन यांचंच बघा, 2006 मध्ये गोल्डमन सॅक्स या बड्या गुंतवणूक बँकेचे सीईओ थेट अर्थमंत्री झाले, जवळपास 50 कोटी डॉलरचे शेअर्स विकले आणि त्या नफ्यावरचा टॅक्सही पुढे ढकलता आला, कारण पदासाठी विकावं लागलं आणि पैसे सरकारी रोख्यांत वगैरे टाकले तर तशी सवलतच आहे. पण शेअर्स गेले म्हणून संबंध जात नाहीत हो, सप्टेंबर 2008 मध्ये बुडायला आलेल्या एआयजी या विमा कंपनीला सरकारने वाचवलं, त्याच आठवड्यात पॉलसन यांना गोल्डमनशी बोलायची खास सूट मिळाली, आणि एआयजीमार्फत पुढे 12.9 अब्ज डॉलर गोल्डमनलाच गेले. मला तर ही सूट देण्याची सोयच सगळ्यात मोठं भगदाड वाटते. आणि हो, हे कलम मंत्र्यांना आहे, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांना लागूच होत नाही.